ना. म. जोशी : आपल्या शेजारगावचा माणूस

महाड म्हटले की चवदार तळे आणि 1927 साल डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते योग्यच आहे. पण मुंबईच्या रस्त्याला लोणेऱ्याहून आत वळले की जे गोरेगाव लागते, तेथे 5 जून 1879 रोजी जन्मलेले नारायण मल्हार जोशी आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असतील? मुंबईच्या डिलाईल रोडला ज्यांचे नाव दिले, ते हेच. महाड-पोलादपूरचे चाकरमानी त्याच रस्त्याने गिरणीत जात.

जोशी 1901 साली डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. काही वर्षे त्यांनी शिक्षकी केली. 1909 मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात शिरले आणि 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगचे काम त्यांनी उभे केले : रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने. 1919 साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते हिंदी कामगारांच्या वतीने गेले. पुढच्याच वर्षी आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. 1921 पासून पाव शतक मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांची बाजू मांडत राहिले.

त्या काळच्या कायद्यांपैकी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा. त्यापूर्वी कामावर माणूस मेला तर 1855 च्या कायद्याखाली वारसांना दावा करता येई. परंतु मालकाची चूक होती, हे त्यांनीच सिद्ध करायचे! विधवेने वकील कोठून आणावा? नव्या कायद्याने हा प्रश्नच बाजूला सारला. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे पुरे. चूक कोणाची, हे विचारायचे नाही. 1 जुलै 1924 पासून तो अमलात आला. जोशींनी कायदेमंडळात या विधेयकाची हिरिरीने बाजू घेतली. कायदा तोकडाच होता. ठराविक धंद्यांतील कामगारच त्यात येत. मृत्यूची भरपाई तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतील जी कमी असेल ती! लहान दुखापतीत पहिल्या दहा दिवसांचे काहीच मिळत नसे. 1933 साली ते दिवस सात झाले, 1959 साली तीन.

त्यातले बारावे कलम बांधकामावरच्या माणसाने मुद्दाम समजून घ्यावे. काम ठेकेदारामार्फत करवून घेतले, तरी ते ज्याच्या धंद्याचा भाग आहे त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. ती त्याने पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी. आमच्या वाडीतले एक गवंडीकाका काही वर्षांपूर्वी परांचीवरून पडले. मुकादमाने दवाखान्याचे पहिले बिल भरले आणि येणे बंद केले. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवी, इमारतीचा मालक ठेकेदाराकडे. काकूंनी मंगळसूत्र गहाण टाकले, तेव्हा कोठे भाच्याने हे कलम शोधून अर्ज लिहिला. तोवर गावात सर्वांचे मत एकच होते, की काकांचा तोल गेला, मग मालकाने का द्यावे? कायद्याने शंभर वर्षांपूर्वी निकालात काढलेला प्रश्न आपल्या ओट्यांवर अजून चर्चेला असतो.

जोशी मवाळ होते. 1929 साली नागपूरला आयटकमध्ये फूट पडली, तेव्हा ते बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला. पुढे 1940 मध्ये पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले. अर्ज, ठराव, समित्या ही त्यांची हत्यारे जहाल तरुणांना बोथट वाटत. मलाही प्रथम तसेच वाटले. पण 1924 साली त्यांनी मांडलेले प्रसूतिभत्त्याचे विधेयक फेटाळले गेले, तरी पुढे प्रांतांतून तसे कायदे झालेच (मुंबईत 1929 साली). आणि 1926 चा ट्रेड युनियन कायदाही त्यांच्या 1921 च्या ठरावातून निघाला. चिकाटी हीही एक जहाल गोष्ट असावी.

30 मे 1955 रोजी ते वारले. 1923 चा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. मालकाची चूक न पाहता भरपाई, आणि ठेकेदाराच्या माणसासाठीही मूळ मालक जबाबदार, ही दोन्ही तत्त्वे तिच्यात कायम आहेत. मुदतही पूर्वीसारखीच : दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा.