माफी मागून कामाला लागलेला प्राध्यापक

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मवाळ नेते, गांधीजींचे राजकीय गुरू. परीक्षेत दोन मार्कांना तेवढं पुरतं. पण समाजासाठी काहीतरी करायचंय, पण नेमकं काय आणि कसं, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी हा माणूस पुन्हा एकदा भेटून घ्यावा असा आहे.

जन्म 9 मे 1866, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून 15 रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले 8 रुपये ते दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. 1884 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, गोपाळ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाला. आता घरच्यांचे दिवस पालटणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याने पुण्यात शिक्षकी पत्करली आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य झाला. म्हणजे तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवण्याची बांधिलकी. फर्ग्युसन कॉलेजातले गोखले सर ते हेच.

याच काळात त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले. रानड्यांची शिकवणी कडक होती. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे, मसुदे लिहायचे आणि चुकले की पुन्हा लिहायचे. ही मेहनत बारा-तेरा वर्षं चालली.

आणि तरीही त्यांची चूक झालीच. 1897 मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं, आणि घरं तपासणाऱ्या गोऱ्या सोल्जरांबद्दल लोकांत प्रचंड संताप होता. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सोल्जरांवर स्त्रियांच्या अत्याचाराचे गंभीर आरोप केले. खळबळ उडाली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, पण तो हाती लागेना. पत्र लिहिणाऱ्यांची नावं सांगून स्वतःची सुटका करून घेता आली असती. त्यांनी ती सांगितली नाहीत. सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि बिनशर्त माफी मागितली.

झालं! आपल्याच लोकांनी त्यांना भित्रा ठरवलं. वय एकतीस, आणि सार्वजनिक आयुष्य संपल्यात जमा. आपण असतो तर तोंड लपवून बसलो असतो. गोखले मात्र त्याच पुण्यात, त्याच प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. ज्या प्रश्नावर ऐकीव माहितीवरून बोलून तोंडघशी पडले होते, त्याच प्रश्नात आता प्रत्यक्ष राबू लागले.

त्यानंतरचे गोखले आकड्यांशिवाय बोललेले फारसे दिसत नाहीत. 1902 मध्ये केंद्रीय कायदे मंडळात त्यांनी पहिलं बजेटवरचं भाषण केलं. तिजोरीत शिल्लक पडतेय म्हणजे गरिबांकडून जास्त कर उकळला जातोय, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं. पुढच्या वर्षी मिठावरचा कर कमी झाला. 1911 मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. 1912 मध्ये ते फेटाळलं गेलं. पण मुलांना शिकवणं हे सरकारचं काम आहे, ही गोष्ट एकदा मांडली गेली ती कायमची.

12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. देशसेवेला आयुष्य वाहायला तयार असलेले सुशिक्षित तरुण त्यांना हवे होते. पण आलात की लागा भाषणं ठोकायला, असं तिथे नव्हतं. आधी पाच वर्षं उमेदवारी. त्यात अभ्यास करायचा आणि देश हिंडून पाहायचा. शिवाय जातधर्म न पाहता सगळ्यांना भाऊ मानायचं आणि स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही, अशा शपथा होत्याच. या मुशीतून गिरणी कामगारांसाठी झटणारे ना. म. जोशी आले, आदिवासींसाठी आयुष्य वेचणारे ठक्करबाप्पा आले. 1915 मध्ये गांधीजी आफ्रिकेतून परतले, तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी हेच सांगितलं होतं: वर्षभर देश बघा, जाहीर मतं नंतर. त्याच वर्षी 19 फेब्रुवारीला गोखले गेले. वय अवघं 48.

आज आपल्याकडे तळमळ कमी नाही. एनएसएसचा कॅम्प असो की पूरग्रस्तांसाठी मदतफेरी, पोरं हजर असतात. गोष्ट अडते ती फोटो काढून झाल्यावर. मग एक करून बघूया? आपल्या वॉर्डातला एकच प्रश्न धरायचा, पाण्याचा, कचऱ्याचा किंवा बंद पडलेल्या शाळेचा. त्यासाठी पालिकेने किती पैसे ठेवले आणि किती खर्च केले, ते कागद मिळवून वाचायचे. तिथल्या लोकांशी बोलायचं. फॉरवर्ड आलेलं तपासल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही. आणि चुकलो, तर चुकलो म्हणायचं अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच कामाला जायचं.