जॉन न्यूटन : उशिरा दिलेली कबुली

‘अमेझिंग ग्रेस’ या जगप्रसिद्ध स्तोत्राचे कर्ते जॉन न्यूटन यांचा जन्म १७२५ मध्ये लंडन येथे झाला. वडिलांच्या जहाजावरून ते अकराव्या वर्षीच समुद्रावर गेले. १७४८ मध्ये अटलांटिक महासागरातील भीषण वादळातून जीव वाचला आणि ते ईश्वराकडे वळले. व्यवसाय मात्र बदलला नाही. १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्यांनी गुलामवाहू जहाजांच्या तीन सफरी केल्या. रविवारी खलाशांसह प्रार्थना होई आणि त्याच जहाजाच्या तळाशी आफ्रिकी माणसे साखळदंडांनी जखडलेली असत. बंडाच्या संशयावरून मुलांचे अंगठे यंत्रात आवळल्याची नोंद त्यांच्याच रोजनिशीत आहे.

आजारपणामुळे समुद्र सुटला. १७६४ मध्ये ते ओल्नी येथे धर्मगुरू झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी तारुण्यातील स्वैराचार व ईश्वरनिंदा यांची कबुली दिली. परंतु माणसांचा व्यापार हे पाप असल्याची कबुली तेथे नव्हती. समाजाला तो धंदा प्रतिष्ठित वाटत होता आणि धर्मगुरूंचे मौन कोणालाही खटकले नाही.

हे मौन १७८८ मध्ये सुटले. साठी उलटलेल्या न्यूटन यांनी पुस्तिका लिहून जहाजांवरील क्रौर्य उघड केले, त्यातील स्वतःचा वाटा लपवला नाही आणि ही कबुली फार उशिरा येत असल्याचेही मान्य केले. पुढे संसदीय समितीसमोर त्यांनी साक्ष दिली. विल्बरफोर्स यांच्या लढ्याला तिचे बळ मिळाले. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूटन निवर्तले. जहाजांवर विकल्या गेलेल्यांना मात्र त्या कबुलीचा काहीच उपयोग झाला नव्हता.