पाच लाकडांचे झाड : डॉ. बिरबल साहनी

कला महाविद्यालयाच्या अंकात वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. मला साहनींचे आकर्षण वाटते ते त्यांच्या पदव्यांमुळे नव्हे, तर एका निर्णयामुळे.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या भेरा गावी. वडील रुचिराम हे लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक. लाहोरनंतर केंब्रिज, तेथे सीवर्ड यांचे मार्गदर्शन, १९२१ पासून लखनौ विद्यापीठ, १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व. हे सारे कोणत्याही कोशात सापडेल.

राजमहालच्या टेकड्यांत, आजच्या झारखंडात, निपानिया येथे गारगोटीसारख्या दगडात वनस्पतींचे अवशेष मिळत. खोड वेगळे, पान वेगळे, बियांचा घोसही वेगळा. खोडाला श्रीवास्तव यांनी १९४५ मध्ये 'पेंटोझायलॉन', म्हणजे पाच लाकडांचे, असे नाव दिले होते. त्याचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की बहुधा पाच काष्ठखंड वर्तुळात उभे दिसतात. प्रत्येकाची वाढ बाहेरपेक्षा आतल्या बाजूस अधिक. जणू एकाच सालीत पाच खोडे नांदत होती! लाकूड सूचिपर्णी वृक्षांचे, पान बेनेटिटेलीझ या लुप्त गटाची आठवण देणारे, बियांचा घोस तुतीसारखा. लाकूड पाहणारा त्याला देवदाराच्या गोतात बसवील, पान पाहणारा भलतीकडेच.

नुसत्या लाकडावरून गोत्र ठरविण्यात धोका असतो. १९३२ मध्ये साहनींनी राजमहालच्याच एका वाहिन्या नसलेल्या अश्मीभूत लाकडाचे नाते मॅग्नोलियाच्या गोताशी जोडले होते. पुढे इतर संशोधकांना ते बेनेटिटेलीझच्या जवळचे वाटले. पेंटोझायलॉनच्या बाबतीत त्यांनी खोड, पान, बी यांची अंतर्रचना शेजारी ठेवून एकच वनस्पती उभी केली, आणि ती जुन्या कोणत्याही खान्यात कोंबली नाही. १९४८ मध्ये त्यांनी 'पेंटोझायली' हा नवा गटच मांडला. मला यातच त्यांचे मोठेपण दिसते. ओळखीच्या कप्प्यात टाकून मोकळे होणे किती सोपे होते! या गटाच्या नातेसंबंधांबद्दल मतभेद आजही आहेत.

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौच्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंनी बसविली. जीवाश्म जडविलेली ती शिला साहनींच्याच कल्पनेतली. अवघ्या आठवड्याने, १० एप्रिलला, ते गेले. इमारत अजून उभी राहायची होती. संस्थेची धुरा पत्नी सावित्री साहनी यांनी उचलली.