खतांची वाटणी

फाल्गुन वद्य द्वितीया ही श्रीतुकाराममहाराजांच्या वैकुंठगमनाची पुण्यतिथी. देहूच्या त्यांच्या घराण्यात विठ्ठलभक्ती व सावकारी दोन्ही वडिलोपार्जित होत्या. कोवळ्या वयातच तुकोबा वडील बोल्होबांच्या हाताखाली दुकान व देवघेव शिकले. घेतलेले परत करावे, दिलेले मागून घ्यावे, एवढाच त्या वयाचा न्याय होता. पुढे मातापिता निवर्तले, वडील बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले आणि १६३० च्या भीषण दुष्काळात ज्येष्ठ पत्नी अन्नावाचून गेली.

स्वतःच्या घरी भूक पाहिल्यावर ऋणकोच्या घरची भूक परकी उरली नाही. व्यवहाराने जे आपले, तेही मागणे त्यांना अधर्म वाटू लागले. परंपरा सांगते की, कर्जखते इंद्रायणीत सोडण्यापूर्वी त्यांनी निम्मी धाकटे बंधू कान्होबा यांच्या स्वाधीन केली. आपला वाटा सोडणे हा त्याग. भावाचा वाटा बुडविणे हा अपहार. वैराग्याच्या त्या क्षणीही बालपणी शिकलेला न्याय सुटला नाही. त्याला दयेची जोड मिळाली.

मुलांना चोख हिशेब अवश्य शिकवावा. गांजलेल्यापुढे वही केव्हा मिटावी, हे मात्र त्यांना वडीलधाऱ्यांच्या आचरणातच दिसावे लागते.