चर्नी रोडच्या बागेतले केळूसकर गुरुजी



कृष्णाजी अर्जुन केळूसकर १८६० साली जन्मले आणि मुंबईत शिक्षक झाले. बुद्धांचे मराठी चरित्र त्यांनी लिहिले, पुढे शिवाजी महाराजांचेही.

एल्फिन्स्टन हायस्कूलचा एक मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. गुरुजीही तिथे येत. धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे की, त्याला पाहून त्यांनीच आपणहून चौकशी केली. मुलगा होता भीमराव आंबेडकर. त्या काळी जात कळली की माणसे उठून जात. (दोहामध्येही गावानंतर आडनाव विचारले की पुढचे बोलणे कसे आटोपते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे.) गुरुजी मात्र त्यांना पुस्तके देऊ लागले.

भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा समाजाला सत्कार करायचा होता. वडील सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही भीती. लोकांनी गुरुजींना मध्ये घातले. सभा झाली आणि गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवले. ते वाचून भीमरावांनी वडिलांनाच विचारले, की घरात रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धांविषयी काहीच का नाही?

इंटरनंतर पैशांची अडचण आली. गुरुजींनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

१९३४ साली गुरुजी गेले. १९५६ मध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना लिहिताना बाबासाहेबांनी त्या भेटपुस्तकाची हकीकत नावासकट नोंदवली.