दोन मोर आणि एक हरीण



आजचं वाचन धम्मपदातला दुसरा वग्ग, अप्पमादवग्ग. गाथा फक्त १२. अप्पमाद म्हणजे गाफील न राहणं, केलेला संकल्प रोज जागा ठेवणं. महावंसातल्या कथेप्रमाणे निग्रोध नावाच्या लहानग्या सामणेराने सम्राट अशोकांना हाच वग्ग ऐकवला. म्हणून आज त्यांच्याविषयी.

राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी अशोकांनी कलिंग, म्हणजे आजच्या ओडिशाचा भाग, जिंकला. तेराव्या शिलालेखात त्यांनी हिशेब स्वतःच दिलाय: १ लाख ठार, दीड लाख लोक धरून नेलेले आणि त्याहून कितीतरी पट मेलेले. जिंकलेला राजा तिथेच आपलं दुःखही कोरून ठेवतो.

आपल्याला वाटतं, बस्स, त्या दिवसापासून माणूस पूर्ण बदलला! पण रूपनाथ, मास्की इथल्या लघुशिलालेखांत ते वेगळंच सांगतात. उपासक झाल्यावर साधारण वर्षभर त्यांनी फारसा प्रयत्नच केला नव्हता. संघाच्या जवळ गेल्यावर मग ते नेटाने कामाला लागले.

पुढचा बदलही हळूहळूच झाला. दहाव्या वर्षी ते बोधगयेला गेले. राजाच्या शिकारीच्या सहलींच्या जागी धम्मयात्रा आल्या. हे सांगणाऱ्या आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये आपल्या नालासोपाऱ्यात सापडलाय. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, रस्त्यांवर झाडं, विहिरी झाल्या. धम्माचा निरोप घेऊन दूत ग्रीक राजांपर्यंत गेले. परंपरा सांगते, मुलगा महिंद आणि मुलगी संघमित्रा यांनी तो श्रीलंकेत नेला.

मला सगळ्यात भावतो तो पहिला शिलालेख. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जायचे, असं त्यात आहे. आता फक्त तीन: दोन मोर आणि एक हरीण, हरीणही रोज नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. एवढा मोठा सम्राट, पण जे अजून सुटलं नव्हतं तेही त्याने लपवलं नाही.

पौर्णिमेला पंचशील घेतलं आणि आठवडाभरात ढिले पडलो, असं आपलंही होतं. म्हणून सोडून द्यायचं नाही. आज एकच शील निवडा. रात्री झोपण्यापूर्वी शांत बसून बघा, किती सुटलं आणि आपले ‘दोन मोर, एक हरीण’ कोणते उरलेत. उद्या तिथूनच पुढे.

सर्वांचं मंगल होवो. 🙏