पी.टी.च्या बाई : बेटी स्नोबॉल

स्मरणिका समितीने मला 'खेळ' या सदरासाठी लिहायला सांगितले, तेव्हा सचिन किंवा सुनीलवर मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी लिहिते आहे एका शिक्षिकेवर. ही आपल्या शाळेतली नव्हे, इंग्लंडमधली. आयुष्यभर मीही शाळेत शिट्टी वाजवत उभी राहिले, त्यामुळे हा थोडा पक्षपात समजून घ्यावा.

आपल्या वेळी मुलींना खो-खो, लंगडी आणि लेझीम, चेंडू-फळी मुलांकडे. आमच्या तुकडीतल्या चौघीजणी मधल्या सुट्टीत कपडे धुण्याच्या धोपटण्याने खेळायच्या, हे वर्गमैत्रिणींना आठवत असेल. त्याच काळात, 1973 साली, पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ. इंग्लंडमध्ये मात्र बायकांची क्रिकेट संघटना 1926 सालीच उभी राहिली होती आणि आजच्या लेखाची नायिका त्या संघटनेच्या पहिल्या पिढीतली.

एलिझाबेथ अलेक्झांड्रा स्नोबॉल, म्हणजे बेटी, 1908 साली लँकेशायरमधल्या बर्नली या गिरणगावात जन्मली. वडील डॉक्टर, आणि क्रिकेटचे वेडे. शिक्षण स्कॉटलंडमध्ये, सेंट अँड्र्यूजच्या सेंट लेनर्ड्स या मुलींच्या शाळेत. या शाळेने 1890 सालीच मुलींच्या हातात लॅक्रॉसची जाळीदार काठी दिली होती, म्हणजे तिथे मुलींनी मैदानावर पळणे ही नवलाई राहिली नव्हती. पुढे बेटी स्कॉटलंडकडून लॅक्रॉस आणि स्क्वॉशही खेळली. शारीरिक शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण तिने बेडफर्डच्या कॉलेजात घेतले. क्रिकेटचे धडे मात्र मिळाले ते वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टंटाइनकडून. तो तेव्हा बर्नलीशेजारच्या नेल्सन क्लबचा व्यावसायिक खेळाडू होता. जगातल्या सर्वांत चपळ क्षेत्ररक्षकांपैकी एक शेजारच्या गावात राहायला यावा, याला नशीबच म्हणायचे. पण नशीब पुढच्या दारी आले तरी दार उघडणारे वडील लागतात.

1934 च्या अखेरीस इंग्लंडचा महिला संघ बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाला. बेटी आर्चडेल कर्णधार होती. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. ब्रिस्बेनला डिसेंबरअखेर बायकांचा जगातला पहिला कसोटी सामना झाला. मर्टल मॅक्लॅगनने 10 धावांत 7 बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव 47 धावांत संपला. यष्टीमागे बेटी स्नोबॉल होती, आणि डावाची सुरुवातही तीच करायची. ज्यांनी कधी यष्टिरक्षण केले आहे त्यांना हे किती अवघड ते कळेल. शेकडो वेळा उठाबशा काढायच्या, आणि समोरचा संघ बाद झाला की दहा मिनिटांत पॅड बदलून पहिला चेंडू खेळायला उभे राहायचे. मुलींना मी हे सांगायची तेव्हा त्या पाय धरून खाली बसायच्या.

तिथून संघ न्यूझीलंडला गेला. फेब्रुवारी 1935, क्राइस्टचर्च. यजमान संघ 44 धावांत गारद. मग स्नोबॉलने सुमारे पावणेचार तासांत 189 धावा काढल्या. मॉली हाइडबरोबर दुसऱ्या गड्यासाठी 235 धावांची भागीदारी झाली. इंग्लंडने 5 बाद 503 वर डाव सोडला आणि सामना एक डाव व 337 धावांनी जिंकला. महिला कसोटीतला हा सर्वाधिक धावांचा विक्रम पुढे एक्कावन्न वर्षे टिकला.

खरे सांगायचे तर समोरची गोलंदाजी नवखी होती. मला स्वतःला तिची 1937 मधली खेळी जास्त मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियाचा संघ प्रथमच इंग्लंडला आला होता. ओव्हलवरच्या तिसऱ्या कसोटीत ती 99 वर धावबाद झाली. एका धावेने शतक हुकले, आणि तेही धावबाद होऊन! कसोटीत तिच्या नावावर शतक एकच राहिले.

नंतर महायुद्ध आले. एकोणतिसाव्या वर्षानंतर पुढचा कसोटी सामना खेळायला तिला चाळिशी गाठावी लागली. 1949 पर्यंतच्या दहा कसोटींत 613 धावा, सरासरी चाळिसाच्या वर, यष्टीमागे 13 झेल आणि 8 यष्टिचीत, एवढाच हिशेब. पंधरा वर्षांत दहा सामने!

उरलेले सगळे आयुष्य शाळेचे. स्नोबॉलबाई (आता 'बाई'च म्हणते) विंचेस्टरच्या सेंट स्विदन्स या मुलींच्या शाळेत अनेक वर्षे शारीरिक शिक्षण शिकवत होत्या. 1951 साली एका महिला कसोटीत त्या पंच म्हणूनही उभ्या राहिल्या. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जायचा. गणिताच्या सरांनी तो किती वेळा घेतला याचा हिशेब अजून बाकी आहे. स्नोबॉलबाईंच्या बाबतीत हा प्रश्नच आला नसता. उतारवयात त्या कोलवॉल या खेड्यात राहायला गेल्या आणि तिथल्या 'दि एल्म्स' शाळेत क्रिकेट आणि गणित, दोन्ही विषय शिकवू लागल्या. 1926 साली संघटनेची कल्पना ज्या सामन्यानंतर निघाली तो याच कोलवॉलचा.

धावांचा विक्रम कागदावर लिहिला जातो. मुलीला चेंडूच्या रेषेत डोके ठेवायला शिकवले, पहिला झेल घेईपर्यंत तिच्यावर चेंडू फेकत राहिले, याची नोंद कुठल्या तक्त्यात करणार? माझ्यासारख्या अनेकींनी नोकरी केली ती याच नोंद नसलेल्या कामाची.

तो 189 चा विक्रम मोडला 1986 साली, आणि मोडला आपल्या इंदूरच्या संध्या अगरवालने. इंग्लंडविरुद्ध तिने 190 धावा काढल्या, बरोबर एक धाव जास्त. सामना वुस्टरला होता. कोलवॉलहून मालव्हर्नच्या टेकड्या ओलांडल्या की वुस्टर जवळच. संध्या पुढे प्रशिक्षक झाली. स्नोबॉलबाई त्यानंतर दोन वर्षांनी, 13 डिसेंबर 1988 रोजी, ऐंशीव्या वर्षी कोलवॉललाच वारल्या.